पदकाच्या कडेवरचे नाव

इतिहासाच्या पुस्तकात सेनापतीला नाव असते, किल्ल्याला नाव असते, एखाद्या घोड्यालाही नाव असते. शिपायाला मात्र बहुधा आकडाच असतो. ‘अडीच हजार फौज होती, पैकी हजारभर पडली,’ असे वाक्य आपण शाळेत पाठ केले आणि पुढच्या धड्याकडे वळलो. त्या हजारांतल्या कोणाचे शेत गहाण होते, कोणाचे नुकते लग्न झाले होते, कोणाचे मूल पाळण्यात होते, हे त्या वाक्यात मावत नाही. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे असे ठरले, तेव्हा मी आकड्यात हरवलेला असाच एक शिपाई निवडला. तो सरदार नव्हता, त्याच्यावर पोवाडा नाही, त्याचा पुतळा नाही. खेड तालुक्यातल्या एका गावाहून मुंबईच्या पलटणीत गेलेला आणि १८८० साली अफगाणिस्तानात पडलेला तो एक साधा माणूस.

ह्या शोधाचे निमित्त एका पदकाचे झाले. आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध काकू घरातील जुनी चांदी मोडीत घालण्यासाठी काढीत होत्या. तुटके पैंजण, वाकलेली अत्तरदाणी आणि त्यांच्यातच काळवंडलेले, रुपयाहून मोठे एक चांदीचे नाणे. “हे कोणत्या राणीचे आहे ते वाच बरे, तुला इंग्रजी येते,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले. ते नाणे नव्हते. एका बाजूला डोक्यावर मुकुट व ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया राणी होती. दुसऱ्या बाजूला कूच करणारे सैन्य होते, आणि त्यात पाठीवर तोफ घेतलेला एक हत्ती. वर ‘अफगाणिस्तान’ अशी इंग्रजी अक्षरे आणि खाली १८७८, ७९, ८० ही साले. दुसऱ्या अफगाण युद्धात भाग घेतलेल्यांना इंग्रज सरकारने दिलेले हे पदक.

खरी गोष्ट पुढेच आहे. अशा पदकाची कड नीट पुसून भिंगाखाली धरावी. त्या कडेवर ज्याला पदक दिले त्याचा हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आम्ही चिंचेच्या पाण्याने पदक घासण्याचा मोह टाळला, कारण जोराने घासले तर ती बारीक अक्षरे झिजतात. मऊ फडक्याने पुसले आणि अक्षरे दिसू लागली. हुद्दा शिपाई. पुढे एक नाव, इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. आडनाव नाही. शेवटी पलटण : फर्स्ट बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे मुंबई सैन्याची पहिली देशी पायदळ पलटण. लोक तिला ग्रेनेडियर पलटण म्हणत.

काकूंना त्यांच्या आजेसासूबाईंनी सांगितलेली एवढीच हकिगत ठाऊक होती, की ‘काबूलच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत.’ पदकावरच्या पलटणीने ती हकिगत थोडी सरळ केली. काबूल नव्हे, कंदाहार. १८८० च्या वसंतात कंदाहारच्या बंगाली फौजा काबूलकडे निघाल्या आणि कंदाहार सांभाळण्याचे काम बहुतांशी मुंबईच्या सैन्यावर पडले. ग्रेनेडियर पलटण तेथे होती.

आपल्या कोकणातला माणूस तेथवर पोचला कसा, हे नकाशा पुढे ठेवून पाहावे. मुंबई सैन्याला कराचीपर्यंत आगबोट, कराचीहून सिंधमधून आगगाडी. पुढे सिबीपर्यंतचा लोहमार्ग तर त्याच वर्षी, १८८० च्या जानेवारीत, लढाईसाठीच घाईघाईने टाकला होता. तेथून बोलन खिंडीतून पायी क्वेट्टा, आणि आणखी डोंगर ओलांडून कंदाहार. भातखाचरात वाढलेल्या, समुद्राची खारी हवा प्यालेल्या माणसाने पाहिलेला तो उजाड, धुळीचा मुलूख. आणि हे सर्व कशासाठी? शिपायाचा पगार त्या काळी महिना सात रुपये होता. तो १८९५ साली नऊ झाला. एरवी छावणीत असताना त्यातच त्याला पोटाला खावे लागे आणि त्यातूनच घरी पाठवावे लागे.

रत्नागिरी जिल्हा हा मुंबई सैन्याच्या भरतीचा फार जुना मुलूख. डोंगराळ जमीन, एक पीक, भाऊ चार आणि खाचर एक. मग एकाने नांगर धरायचा आणि दुसऱ्याने बंदूक. दापोलीला इंग्रजांची छावणी होती आणि पुढे तेथे पेन्शनर शिपायांची वस्ती झाली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्याचीच खूण. ग्रेनेडियरसारख्या पलटणींत त्या दिवसांत कोकणी, देशावरचे, उत्तर हिंदुस्थानी, हिंदू, मुसलमान अशी सरमिसळ असे. जातवार कंपन्या करण्याची पद्धत मुंबई सैन्यात नंतर आली. एका राहुटीत अठरापगड माणसे राहत. हे त्या सैन्याचे वैशिष्ट्य होते आणि पुढे हाच त्याचा दोष म्हणून दाखविण्यात आला.

आता लढाईविषयी थोडक्यात. अफगाण सरदार अयुबखान हेरातहून मोठी फौज घेऊन निघाला. त्याला अडविण्यासाठी ब्रिगेडियर जनरल बरोज ह्याच्या हाताखाली सुमारे अडीच हजार लढवय्ये पाठविले होते. त्यांत गोऱ्यांची सहासष्टावी पलटण, आपली ग्रेनेडियर, तिसावी ‘जेकब्स रायफल्स’, मुंबई व सिंधचे घोडदळ, तोफखाना आणि मुंबईचे सॅपर्स होते. २७ जुलै १८८० रोजी मैवंद ह्या गावाजवळ गाठ पडली. शत्रूचे संख्याबळ कितीतरी पट होते. त्याच्या तोफा तीस, इकडच्या बारा. सकाळी कूच केलेल्या शिपायांना त्या उन्हात धड अन्न नाही, पाणी नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोऱ्या पलटणीच्या हाती नवी मार्टिनी-हेन्री बंदूक होती, तर देशी शिपायाच्या हाती तिच्या आधीची, जुनी स्नायडर. रणांगण एक, शत्रू एक, पण बंदुका दोन प्रकारच्या.

दुपारी डाव्या बाजूच्या काही तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे घेतल्या गेल्या. तोफा मागे गेलेल्या पाहून त्या बाजूची रांग खचली, ती ग्रेनेडियरवर कोसळली आणि सारा व्यूह मोडला. उरलेले लोक तहानेने तडफडत सुमारे पंचेचाळीस मैलांवरच्या कंदाहारकडे रात्रभर चालत राहिले. कित्येकांनी वाटेतच प्राण सोडले. त्या एका दिवसात इंग्रजांकडील एकवीस अंमलदार आणि ९४८ शिपाई ठार झाले. ग्रेनेडियर पलटणीची हानी शेकडा ६४ होती. मेलेल्यांत अर्ध्याहून अधिक आपले देशी शिपाई होते. पुढे १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्सने काबूलहून येऊन कंदाहारजवळ अयुबखानाचा पराभव केला, आणि मग कोठे एक तुकडी मैवंदला जाऊन तेथील प्रेते मातीआड करून आली. म्हणजे आमच्या शिपायाला अग्नीही मिळाला नाही आणि रडायला आपले माणूसही नव्हते.

ह्या लढाईची आठवण कोणी कशी ठेवली, हे शोधू लागले तेव्हा मला फार नवल वाटले. इंग्लंडातील रेडिंग गावच्या बागेत १८८६ साली ओतीव लोखंडाचा एक प्रचंड सिंह उभारला गेला. त्याच्या चौथऱ्यावर सहासष्टाव्या पलटणीतील तीनशेहून अधिक मृतांची नावे आहेत, साध्या सोल्जरांचीसुद्धा. त्याच पलटणीत बॉबी नावाचा एक कुत्रा होता. तो लढाईतून वाचला, १८८१ साली राणीसमोर नेला गेला, राणीने त्याला पदक दिले, आणि मेल्यावर पेंढा भरून ठेवलेला तो कुत्रा सॉल्सबरीच्या संग्रहालयात आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या असतील त्यांना डॉक्टर वॉटसन आठवेल. तोही मैवंदलाच जखमी झाल्याचे १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत लिहिले आहे. अफगाण लोकांनी आपल्या बाजूने मलालई नावाच्या मुलीची कथा जपली. जखमींना पाणी द्यायला गेलेल्या ह्या मुलीने डगमगणाऱ्या लोकांना धीर दिला आणि ती रणातच पडली, अशी ती लोककथा. पाकिस्तानातील मलाला युसुफजाई हिचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले.

इंग्रजांचा सिंह झाला, कुत्रा झाला, कादंबरीतला डॉक्टर झाला. अफगाणांची वीरकन्या झाली. ज्या पलटणीने सर्वांत जास्त माणसे गमावली त्या पलटणीचा शिपाई मात्र कोणाच्या गोष्टीत आला नाही. पदकावर लढाईच्या नावाची आडवी चांदीची पट्टी लावीत असत. काबूलची होती, कंदाहारची होती; मैवंदची पट्टी काढलीच नाही, कारण तेथे हार झाली होती. काकूंच्या पदकावरही पट्टी नाही.

गोऱ्या सोल्जरचा शोध आणि आपल्या शिपायाचा शोध ह्यांत किती अंतर आहे तेही सांगते. त्या शतकातला पेन्शनीत निघालेला इंग्रज सोल्जर शोधायचा तर लंडनच्या दप्तरखान्यात त्याचा कागद सापडतो. जन्म कोठला, पूर्वीचा धंदा कोणता, उंची किती, डोळ्यांचा रंग कोणता, सारे त्यात लिहिलेले. आपल्या शिपायाचे असे कागद पलटणीच्या दप्तरात राहत, आणि त्यांतले थोडेच टिकले. इंडिया ऑफिसच्या दप्तरांत पदकांच्या याद्या आहेत खऱ्या, पण त्यात नाव म्हणजे नुसते नाव. आपल्याकडे एका गावात त्या नावाचे दहाजण सापडतील! मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आपला सरकारी पुराभिलेख आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर तर योगायोगाने त्याच १८८० साली छापलेले आहे. ह्या सर्वांतून काळ कळतो, मुलूख कळतो. माणूस मात्र घरातच शोधावा लागतो.

आणि तो घरातच सापडला. पदकाची गोष्ट निघाल्यावर काकूंनी गावी दिरांना निरोप धाडला, आणि देवघराच्या फडताळातील एका पितळी डब्यातून जुने कागद आले. बहुतेक शेतसाऱ्याच्या पावत्या. त्यांत एक घडी पडून चिरलेला मोडी कागद होता. माझ्या माहितीतील एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी तो दोन संध्याकाळी बसून लावला. तो अर्जाचा मसुदा होता, गावच्या कोणा लिहिणाराने लिहून दिलेला. अर्जदार शिपायाची बायको. नवरा ग्रेनेडियर पलटणीत असून कंदाहारकडे मैवंदच्या लढाईत पडला, पदरी तान्हा मुलगा आहे, दुसरा कमावता कोणी नाही, तरी वारसाची पेन्शन मिळावी, असा त्याचा आशय. अक्षर लिहिणाराचे, सही मात्र तिची. म्हणजे सहीच्या जागी निशाणी. आपल्या जुन्या कागदांत शेतकऱ्याची निशाणी नांगर आणि बाईची निशाणी बांगडी असे. तशी येथेही एक वाटोळी बांगडी काढलेली आहे. जिच्या हातातल्या बांगड्या नुकत्याच फुटल्या होत्या तिने तो अर्ज बांगडी काढून केला.

त्या कागदात तिचे नाव आहे. घरात तिला सगळे ‘मोठी आई’ म्हणत. खरे नाव काय ते काकूंना ठाऊक नव्हते, त्यांच्या यजमानांनाही ठाऊक नव्हते. ते स्मरणिकेत छापू नये अशी कुटुंबाची इच्छा आहे, म्हणून मी छापीत नाही; पण काकू ते नाव आता रोज घेतात.

पेन्शन मिळाली. तो तान्हा मुलगा म्हणजे काकूंचे आजेसासरे. मोठी आई पेन्शन आणायला डोंगर उतरून पायी तालुक्याला जाई, येताना मुलासाठी गूळ आणि दिव्यासाठी तेल आणी, आणि पदक पेटीत ठेवून पेटीची किल्ली कमरेला लावी, एवढे आजेसासूबाईंच्या तोंडून काकूंनी ऐकलेले. आजेसासूबाईंनी मोठ्या आईजवळ वीस वर्षे संसार केला आणि काकू नवी नवरी होऊन आल्यावर त्यांनी हे सर्व काकूंना सांगितले, बहुधा निखारे फुंकताना किंवा तांदूळ निवडताना. येथे मी थांबले आणि मोजू लागले. शिपायाची गोष्ट त्याच्या बायकोकडून सुनेकडे गेली, सुनेकडून नातसुनेकडे आली. ज्यांच्या तोंडी ती जगली त्या कोणीच त्याच्या रक्ताच्या नव्हत्या. तिघीही दुसऱ्या घरून आलेल्या. घरच्या पुरुषांना लढाईचे नाव आठवत नव्हते. ते कष्टात, नोकरीत होते, त्यांना दोष कसा द्यावा? पण पदक कोणत्या पेटीत आहे आणि ते का मोडायचे नाही, हे घरच्या सुनांनी जपले. सव्वाशेहून अधिक वर्षे जे मोडले नाही ते मोडीत जाण्याची वेळ आली तेव्हाही ‘आधी वाच तरी’ असे एका सुनेनेच म्हटले.

ह्या लढाईचे परिणाम त्या एका घरापुरते राहिले नाहीत, तेही आपण जाणून घ्यावे. मैवंदनंतर मुंबईच्या सैन्यावर टीकेचा भडिमार झाला. तोफा कमी होत्या, बंदुका जुन्या होत्या, हुकूम चुकले होते, ह्या गोष्टी मागे पडल्या आणि ‘ह्या मुलखातले लोक लढवय्येच नव्हेत’ हे मत पुढे आले. कंदाहार जिंकणारे रॉबर्ट्स साहेब १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि त्यांचा ओढा उत्तरेकडील जातींकडे होता. दक्षिणेकडची भरती आटू लागली. १८९२-९३ च्या सुमारास महार समाजाची भरती तर बंदच झाली. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ह्या सैन्यात रक्त सांडले त्याच्या तोंडावर दार लावले गेले. डॉक्टर आंबेडकरांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आजोबाही शिपाई. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली ह्या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. १८९५ साली मुंबई, मद्रास, बंगाल ही निराळी सैन्येच मोडून एक सैन्य झाले. रणात पडलेल्या शिपायाला उत्तर देता येत नाही, आणि त्याच्यावर ठेवलेला ठपका मात्र त्याच्या गावच्या पुढच्या पोरांना भोगावा लागतो. म्हणून साध्या शिपायाचा इतिहास शोधणे ही नुसती हौस नाही असे मला वाटते. शेकडा ६४ माणसे जेथे पडली त्या पलटणीला भ्याड म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला ही घरातली पदके आणि हे घरातले कागदच साक्षीला उभे राहतात. ती ग्रेनेडियर पलटण पुढे नाव व क्रमांक बदलत स्वतंत्र भारताच्या सैन्यातही आली. ‘द ग्रेनेडियर्स’ रेजिमेंटचे केंद्र आज जबलपूरला आहे.

काकूंच्या घरी त्या शिपायाची तिथी कोणाला ठाऊक नव्हती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्री अमावस्येला पान वाढतात, तसेच त्यालाही वाढले जाई. जुने पंचांग पाहता २७ जुलै १८८० हा आषाढाच्या वद्य पक्षातला दिवस येतो. तेव्हा ह्या वर्षीपासून काकू आषाढात त्याचे पान वाढणार आहेत, आणि शेजारी मोठ्या आईचेही.

भगिनींनो, आपल्या मंडळातील बहुतेकींचे माहेर किंवा सासर कोकणात, घाटावर, खानदेशात कोठे ना कोठे आहे, आणि अशा गावांतून पलटणीत न गेलेला माणूस क्वचितच सापडेल. मंडळाच्या वर्धापनदिनी एवढीच विनंती करते. घरात जुने पदक असेल तर ते सोनाराकडे देण्यापूर्वी त्याची कड वाचा. तांब्या-पितळेच्या डब्यातले मोडी कागद रद्दीत टाकू नका; वाचता येत नसले तरी वाचणारा भेटतो. मोडीचे वर्ग आता पुष्कळ ठिकाणी चालतात, आपल्यापैकी दोघी-तिघींनी ती लिपी शिकून घेतली तर मंडळाचेच काम होईल. आणि घरात आजेसासूबाई, सासूबाई, आत्याबाई असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा, वहीत उतरवून ठेवा, तारीख घाला. विचारताना शिपायाचे नाव तर विचाराच, पण त्याच्या मागे राहून ज्या बाईने घर चालविले तिचेही नाव विचारा. ते कोणत्याही पदकाच्या कडेवर कोरलेले नसते.